नैरोबीची एक दिवसाची खासगी सहल: अकराच्या हत्तींभोवती बसवायचा दिवस

केनियातल्या मसाई मारा अभयारण्याच्या पॅकेजात राजधानी नैरोबीचा दिवस बहुधा वाया जातो. पहाटे विमान उतरतं, खोली दुपारी मिळते, आणि मधल्या वेळात ‘सिटी टूर’च्या नावाखाली मिनीबसच्या काचेतून दोन इमारती, एक बाजार आणि लाकडी जिराफांचं एक दुकान दाखवून माणसं हॉटेलात सोडली जातात. मालवणच्या जेटीवर होडी भरेपर्यंत ताटकळायचं आणि किल्ल्यात होडीवाला देईल तेवढ्याच वेळात फिरून यायचं, तसला प्रकार. खासगी सहलीत गाडी आपली, गाईड आपला आणि पहाटेपासून संध्याकाळपर्यंतचा दिवसही आपला. चार ते सहा जणांचं कुटुंब असेल तर ती डोळे झाकून घ्यावी, कारण गाडीचं भाडं माणसांवर नसतं, गाडीवर असतं. दोघांना ती महाग पडते, तरी सोबत वडीलधारे किंवा लहान मुलं असतील तर पैसे वसूल होतात. एकट्यानं मात्र दोन-तीन जणांशी गाडी वाटून घेतलेली बरी.

या सहलीत पैसे मोजायचे ते वेळ साधण्याचे. नैरोबीच्या दिवसात एकच खिळा पक्का ठोकलेला असतो: शेल्ड्रिक ट्रस्टचं अनाथ हत्तीपिल्लांचं संगोपन केंद्र लोकांसाठी रोज सकाळी ११ ते १२ एवढा एकच तास उघडतं, आणि तेही आगाऊ नोंदणी असेल तरच. बाकीचं सगळं या तासाच्या अलीकडे-पलीकडे बसवावं लागतं. सहल विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा, ‘अकराच्या आधी कुठे आणि बारानंतर कुठे?’ उत्तरात ‘सकाळी म्युझियम, मग हत्ती, मग पार्क’ असं आलं तर तो माणूस कामाचा नाही. उन्हं चढल्यावर सिंह झुडपात शिरतो आणि तुम्ही पार्कचे डॉलर मोजून नुसतं गवत बघता.

नीट बसवलेला दिवस असा असतो. साडेपाचला हॉटेलातून निघायचं, सहाला नैरोबी नॅशनल पार्कच्या मुख्य फाटकावर. शहर विषुववृत्ताला इतकं खेटून आहे की बारा महिने सूर्य साधारण साडेसहाच्या आसपासच उगवतो. हिवाळा-उन्हाळ्याचा हिशोब करावा लागत नाही. पार्कात चार तास, साडेदहाला बाहेर, पावणेअकराला हत्तींच्या रांगेत. बारानंतर जिराफ केंद्र, मग जेवण, मग लेखिका कॅरेन ब्लिक्सनचं घर. ही सगळी ठिकाणं शहराच्या दक्षिण-नैर्ऋत्य अंगाला एकमेकांपासून अर्ध्या तासाच्या आत आहेत. राष्ट्रीय संग्रहालय आणि मध्यवस्ती उत्तरेकडे. दुपारी चारनंतर तिकडे गाडी घालणं म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबई-गोवा महामार्गाला लागणं. एकाच दिवसात दोन्ही टोकं दाखवतो म्हणणारा गाईड तुम्हाला नैरोबीचा ट्रॅफिक तेवढा दाखवील.

पार्क या सहलीचा खरा ऐवज आहे. १९४६ साली स्थापन झालेलं हे केनियातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, ११७ चौरस किलोमीटरचं, शहराच्या मध्यापासून जेमतेम सात किलोमीटरवर. तीन बाजूंना कुंपण आहे. दक्षिणेची बाजू जनावरांच्या येण्याजाण्यासाठी मोकळी ठेवलेली आहे. काळा गेंडा बघायला ही जागा उत्तम. सिंह, रानम्हशी, झेब्रे, शहामृग, इलंड (मोठ्या जातीचं हरीण) आहेत, जंगली हत्ती मात्र नाहीत. ‘बिग फाइव्ह’ची (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) हमी देणारी जाहिरात दिसली की तिथेच थांबा. पार्कात एके ठिकाणी हस्तिदंत जाळल्याची राख आहे. १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोई यांनी तिथे १२ टन हस्तिदंत पेटवले आणि २०१६ मध्ये १०५ टन जाळले गेले. चांगला गाईड इथे गाडी थांबवतो आणि चोरटी शिकार कशी चालते, हस्तिदंत जाळून काय साधलं, हे सांगतो.

गाडी कुठली ते लेखी घ्या. उघडणाऱ्या छपराची लँड क्रूझर किंवा तशीच व्हॅन हवी. साध्या मोटारीला पार्कात मनाई नाही, पण पावसानंतर गवत खिडकीच्या वर जातं आणि मागच्या सीटवरच्या माणसाला काहीच दिसत नाही. मार्च ते मे हा तिथला मोठा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. पार्कातली माती काळी, चिकट. आपला जांभा पाणी पिऊन मोकळा होतो. ही माती चाकाला लोण्यासारखी बसते आणि दोनच चाकांना ताकद देणाऱ्या गाडीची चाकं जागच्या जागी फिरत राहतात. म्हणून पावसाच्या महिन्यांत चारही चाकांना ताकद देणारी गाडी नसेल तर सहलच घेऊ नका. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत हेच होतं आणि दोष उगाच ड्रायव्हरवर येतो.

गाडीतून फक्त ठरवून दिलेल्या ठिकाणीच उतरता येतं. हिप्पो पूलवर, म्हणजे पाणघोड्यांच्या डोहावर, बंदूकधारी रेंजर सोबत घेऊन नदीकाठी पायी फिरता येतं. तो अर्धा तास सोडू नका. तिथल्या माकडांशी व्यवहार कसा करायचा हे कोकणातल्या बागायतदाराला शिकवायला नको. खिडकी उघडी आणि मांडीवर खाऊ, एवढं निमित्त त्यांना पुरतं. तिकीट एकाच प्रवेशाचं धरून चला, म्हणजे नाश्त्याला बाहेर पडून परत आत जाऊ असं ठरवू नका. नाश्ता बांधून न्या, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा बाटलीत नको. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरी बॅगना बंदी आहे, आणि २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकलाही. आंबापोळी आणि लाडू डब्यात, पाणी स्टीलच्या बाटलीत, बाकी सगळं कापडी पिशवीत.

गाईड कसा पारखायचा? केनियात सफारी गाईडांची व्यावसायिक संघटना परीक्षा घेते आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे देते. एका दिवसाच्या सहलीला ब्राँझ पुरतो, पण तो आहे का हे विचारा. नुसता ड्रायव्हर आणि ड्रायव्हर-गाईड यांत फरक आहे, आणि दर सारखाच लावून पहिला पाठवला जातो ही या धंद्यातली नेहमीची खोट. सोपी परीक्षा जिराफावर होते. पार्कातला जिराफ मसाई जातीचा, त्याचे ठिपके द्राक्षाच्या पानासारखे फाटक्या कडांचे. दुपारी केंद्रात दिसतो तो रॉथशिल्ड, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखा. न विचारता हा फरक सांगणारा गाईड मिळाला तर दिवस चांगला जाणार.

हत्तींच्या तासात पिल्लं गटागटानं येतात, बाटलीनं दूध पितात, चिखलात लोळतात आणि सांभाळणारे प्रत्येकाची हकिकत सांगतात. कुठलं विहिरीत पडलं होतं, कुठल्याची आई शिकाऱ्यांनी मारली. मध्ये दोर असतो. दोराला लागून जागा हवी तर पावणेअकराला पोचायलाच हवं. मागे उभ्या राहिलेल्या मुलांना पाठीच दिसतात. लाल चिखलाचे शिंतोडे उडतात, पांढरे कपडे नकोत. केंद्राची देणगी आणि पार्कचं शुल्क या वेगळ्या गोष्टी आहेत. दरात दोन्ही धरलंय का ते विचारा.

जिराफ केंद्र लँगाटा भागात आहे. दुर्मीळ रॉथशिल्ड जिराफ वाचवण्यासाठी १९७९ मध्ये सुरू झालेल्या संस्थेचं हे काम. लाकडी मचाणावरून खाद्याच्या गोळ्या भरवायच्या, बऱ्याचदा त्या करवंटीत मिळतात. एकेक गोळी द्या. मूठभर पुढे केली की त्याची हातभर जीभ सगळ्या एकदम उचलते आणि खेळ संपतो. डोक्यासमोर पाठ करून सेल्फी काढू नका. जिराफ मान झटकून डोकं मारतो, आणि ते डोकं नारळासारखं हलकं नसतं. अर्धा तास पुरे.

ब्लिक्सनचं घर १९१२ चं. ही डॅनिश लेखिका तिथे १९१७ ते १९३१ राहिली. जागा कॉफीला फार उंच पडली आणि मळा बुडाला. चुकीच्या कातळावर कलमं लावून बसलेल्या माणसाला या घरात सगळं समजतं. तिचं काही वाचलेलं नसेल तर मात्र सामान आणि अंगण बघून वीस मिनिटांत बाहेर पडाल. अशांनी हे घर गाळून रेल्वे संग्रहालय मागून घ्यावं. थोडा उलटा रस्ता पडतो, म्हणून दुपारी दोनच्या आतच तिकडे वळा.

रेल्वे संग्रहालय बहुतेक गाईड स्वतःहून दाखवत नाहीत, आणि आपल्या माणसांसाठी तेच सर्वांत महत्त्वाचं. नैरोबी शहरच मुळी रेल्वेनं वसवलं, १८९९ मध्ये, दलदलीच्या जागी एक डेपो म्हणून. मोंबासाहून १८९६ ला सुरू झालेला हा मार्ग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला पोचला. त्यावर हिंदुस्थानातून करारावर नेलेले सुमारे ३२,००० मजूर राबले आणि जवळपास अडीच हजार मेले. १९०० साली ज्या डब्यातून सिंहानं पोलीस अधिकारी रायल याला ओढून नेलं, तो डबा इथे उभा आहे. कोकण रेल्वेचे बोगदे ज्यांनी डोळ्यांदेखत खणताना पाहिले, त्यांना इथलं फोटोंचं दालन लवकर सुटत नाही. स्वाहिलीतले ‘दुका’, ‘गारी’, ‘चपाती’ हे शब्द आपल्याकडून गेलेल्या माणसांमागोमाग तिथे पोचले. पाट्या वाचत चला, निम्मं ओळखीचं निघतं.

जेवणाबद्दल कोकणातल्या माणसाला आधीच सांगायला हवं. नैरोबी समुद्रापासून दूर आहे. ताटात येते ती सरोवरातली तिलापिया किंवा नाईल पर्च, गोड्या पाण्यातली. सुरमई-पापलेटाशी तुलना केली की जेवण फसतं. अख्खी तळलेली तिलापिया, उगाली आणि सुकुमा विकीची, म्हणजे तिथल्या हिरव्या पाल्याची, भाजी असं मागवलं की जमतं. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड समजा, मीठ विसरलेली. शाकाहारी मंडळींना पार्कलँड्स-वेस्टलँड्स भागात गुजराती थाळीपासून डोशापर्यंत सगळं मिळतं, पण तो भाग सहलीच्या वाटेवर नाही. तिथे जेवायला नेतो म्हणणारा गाईड तुमचा दीड तास खातो. दुपारचं जेवण कॅरेन भागातच करा आणि पार्कलँड्स रात्रीसाठी ठेवा.

दर ठरवताना पाच गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्या: गाडी व इंधन, गाईड, पार्कचं शुल्क, बाकीची प्रवेशशुल्कं, एक्सप्रेसवेचा टोल. परदेशी माणसाला पार्कचं शुल्क डॉलरमध्ये आणि स्थानिकाच्या कितीतरी पट असतं, आणि तोच सर्वांत मोठा आकडा. ‘सगळं धरून’ म्हणणाऱ्या स्वस्त दरात नेमकं हेच गाळलेलं असतं आणि सकाळी सहाला फाटकावर वाद होतो. पार्कचे पैसे रोख घेत नाहीत, सरकारी ऑनलाइन यंत्रणेतूनच भरावे लागतात. आदल्या रात्री पावती मोबाइलवर मागून घ्या. टीप सक्तीची नाही, दिवसाला गाडीमागे १० ते २० डॉलरचा प्रघात आहे. जुन्या मालिकेच्या किंवा फाटक्या डॉलरच्या नोटा नेऊ नका. ‘वाटेत दुकान नको’ हेही लिहून घ्या, कारण वस्तूंच्या दुकानात गाईडला दलाली असते. खरेदीच करायची तर मसाई मार्केटला जा. ते वारानुसार जागा बदलतं, आणि तिथला पहिला भाव मासळीबाजारातल्या पहिल्या भावाइतकाच गंभीरपणे घ्यायचा. किबेराची झोपडपट्टी दाखवणारी सहलही विकली जाते. लोकांची घरं ही बघायची वस्तू नाही. ती घेऊ नका.

शहर सुमारे १,८०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही उंच. समुद्रकाठच्या माणसाला पहिल्या दिवशी जिना चढताना दम लागतो. जुलै-ऑगस्टच्या पहाटे उघड्या छपराच्या गाडीत थंडी चांगलीच बोचते. स्वेटर आणि कानटोपी हवी, दुपारी टोपी आणि सनस्क्रीन. याच महिन्यांत मारातलं विल्डबीस्ट-झेब्र्यांचं स्थलांतर असतं, आणि याच महिन्यांत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रकही. विमानाच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी मुंबई गाठा.

इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी अधिकृत सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, किमान तीन दिवस आधी. यलो फीव्हरची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, तीही अधिकृत केंद्रावरच. सिंधुदुर्गातल्यांना मुरगाव बंदराचं आरोग्य केंद्र जवळ पडतं, बाकीच्यांना मुंबई. साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. लस घेतल्याचं पिवळं कार्ड परतीच्या विमानात हातातल्या पिशवीत ठेवा. मुंबईत उतरल्यावर ते सामानाच्या पट्ट्यापर्यंत पोचायच्या आतच तपासतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.