एच. ओ. मापाच्या वाघिणीचे किट: जोडणी तासाची, दुरुस्ती तीन रविवारांची

छोट्या प्रतिकृती रेल्वेच्या १:८७ मापातील, म्हणजे एच. ओ. मापातील, ४० फुटी अमेरिकी बंद वाघिणीचे (मालगाडीच्या डब्याचे) प्लॅस्टिक किट मी नुकतेच जोडले. जोडणी तासाभरात झाली. वाघीण गाडीत नीट चालू लागायला मात्र तीन रविवार लागले. सुमारे १४ सेंटिमीटर लांबीच्या या डब्याचे अंग उत्तम आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत साच्यांच्या कामात इतकी वर्षे काढूनही साच्याच्या सांध्याची रेघ मला भिंग लावून शोधावी लागली.

खरी उणीव वजनाची आहे. अमेरिकी छांदिष्टांच्या राष्ट्रीय संघटनेच्या शिफारशीप्रमाणे या मापात मूळ एक औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस, म्हणजे या साडेपाच इंची डब्याला साधारण १०६ ग्रॅम वजन हवे. सोबतची लोखंडी पट्टी घालूनही माझा डबा ७६ ग्रॅमच भरला. कॅसलरॉकच्या रेल्वेघाटातला ३७ला १ (३७ फुटांत एक फूट) हा चढ मी हौसेने माझ्या टेबलावरही ठेवला आहे आणि तिथल्या वळणावर, मागे जड डबे असताना, ही हलकी वाघीण आतल्या बाजूला ओढली जाऊन दर वेळी रुळावरून उतरत असे. खानापूर रोडवरच्या टायरच्या दुकानातून चाकाच्या बॅलन्सिंगच्या पाच-पाच ग्रॅमच्या सहा चिकट पट्ट्या आणून त्या दोन्ही बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या फिरत्या चौकटींच्या) वर, डब्यात आतून तळाशी चिकटवल्या. छप्पर आधीच चिकटवून बसल्यामुळे ते पुन्हा उकलावे लागले, हा दोष माझा.

एका बोगीचा स्क्रू ती फक्त डावी-उजवीकडे वळेल इतका घट्ट आणि दुसरीचा ती थोडी डुलेल इतका सैल ठेवल्यास डबा रुळाच्या चढउतारांवर नीट बसतो. किटच्या माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही. प्लॅस्टिकची चाके काढून खऱ्या ३३ इंची चाकांच्या प्रमाणातली धातूची घातली, कारण प्लॅस्टिकवर मळ लवकर साचतो. डबे एकमेकांना जोडणारे कपलरही केडी कंपनीचे पाच नंबरचे धातूचे बसवले आणि त्यांची उंची गेजवर तपासून घेतली.

शिडीचे दांडे अंगावरच ओतलेले असल्याने जाड दिसतात. ते धारदार पातीने तासून मी मिरजेहून आणलेली सितारीची ०.३ मिलिमीटरची पोलादी तार वाकवून बसवली. दिसायला ती फार सुरेख आहे, परंतु तिने माझ्या चांगल्या कटरच्या धारेला खाच पाडली; पितळी तार मिळत असेल तर तीच घ्यावी.

ज्यांना केवळ गाडी पळवायची आहे त्यांनी तयार डबा घ्यावा. हाताला काम हवे असणाऱ्यांना हे किट मी निःसंकोच सुचवेन. रंगकामासाठी खानापूरकडची तांबडी माती मलमलीतून गाळून वापरली. मूळच्या तांबूस अंगावर ती फारशी उठली नाही. काळ्या बोगींवर मात्र अगदी खरी वाटते. चाके काढून ठेवूनच ती लावावी, कारण आसाच्या खाचेत चिमूटभर गेली तरी चाक फिरेनासे होते.