भंडारदरा, कोयना की उजनी: बाईकवर तंबू बांधून चार दिवस धरणाकाठी फिरायचंय तर कुठं जावं

दिवाळी झाली आणि थंडी पडायला लागली की ओळखीतला कोणीतरी विचारतोच, बाईक आहे, तंबू घेतलाय, चार दिवस सुट्टी मिळतेय, एखाद्या मोठ्या धरणाच्या कडेकडेनं फिरत रोज वेगळ्या जागी मुक्काम करायचाय, तर कुठं जाऊ. पुण्या-मुंबईकडून निघणाऱ्याला मी तीनच नावं सांगतो, भंडारदरा, कोयना धरणाचा शिवसागर जलाशय आणि उजनी. तिन्हीकडं मी तंबूत राहिलोय, कोयनेला तर तीन वेळा, आणि ही तिन्ही इतकी वेगळी आहेत की फोटो बघून ठरवलंत तर हमखास चुकाल.

आधी आकाराचं बोलू. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ सालचं, प्रवरेवरचं, साठा साधारण ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट. कोयना १०५ टीएमसी आणि उजनी ११७. म्हणजे भंडारदरा या दोघांपुढं अगदीच लहान, पण बाईकवाल्याला पाणी किती आहे यापेक्षा पाण्याभोवती रस्ता आहे का हे महत्त्वाचं, आणि तिथं हिशोब उलटा होतो.

भंडारदऱ्याला रस्ता खरोखर गोल फिरतो. शेंडी, मुरशेत, पांजरे, मग घाटघर, तिथून साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचं हे वर्तुळ नुसतं गाडी चालवत गेलात तर दोन-अडीच तासात संपतं, आणि म्हणूनच काहीजण म्हणतात की यात चार दिवस काय करायचं. पण थांबायच्या जागा बघा ना. रतनवाडीत अमृतेश्वराचं दगडी मंदिर आहे, नुसतं कोरीवकाम बघायला अर्धा दिवस जातो, मागं रतनगड आणि त्याच्या माथ्यावरचं ते नेढं, म्हणजे खडकातलं आरपार भोक, साम्रदला सांदण दरी, घाटघरला कोकणकडा, शिवाय बारी गावातून कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. रोज दहा-पंधरा किलोमीटर गाडी आणि बाकी पायी, असं चार दिवस निवांत जातात. ज्याला बाईकपेक्षा मुक्काम आणि ट्रेक जास्त हवाय त्याचं हे ठिकाण.

कोयनेचं तसं नाही. शिवसागर उत्तर-दक्षिण पन्नासेक किलोमीटर लांब पसरलाय आणि पश्चिमेचा काठ बराचसा अभयारण्यात आहे. कोयना अभयारण्य १९८५ चं, पुढं २०१० मध्ये चांदोलीसोबत मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घरी बसून नकाशावर बोट फिरवून ठरवलं होतं, की तापोळ्याहून पलीकडं जायचं आणि पश्चिमेच्या काठानं खाली कोयनानगरला उतरायचं. तापोळ्यात ज्या काकांच्या वावरात तंबू टाकला त्यांनी सकाळी चहा देताना सांगितलं, "तिकडनं खाली रस्ता न्हाई बाळा, जंगल हाय, वाघाचं." तर कोयनेला फेरी पूर्ण होत नाही हे आधीच मान्य करून टाका. तुम्ही करणार ते असं, की पूर्वेकडून तीन वेगवेगळ्या ठिकाणी खाली पाण्यापर्यंत उतरायचं, परत वर पठारावर चढायचं आणि पुढच्या ठिकाणी परत उतरायचं.

आणि हेच कोयनेचं सुख आहे. पहिल्या दिवशी वाई, पाचगणी, महाबळेश्वर करून तापोळा, महाबळेश्वरपासून पुढचे सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर वळणावळणाचा उतार, आणि सकाळी निघालात तर खाली दरीत धुकं भरलेलं दिसतं आणि त्याच्यावर फक्त डोंगरांची टोकं. दुसऱ्या दिवशी परत वर येऊन केळघर घाटानं मेढा, सातारा, मग कास पठार ओलांडून बामणोली. तिसरा दिवस गाडीला सुट्टी, होडीनं वासोटा किल्ला. चौथ्या दिवशी साताऱ्याला येऊन ठोसेघर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावरून पाटणला उतरायचं आणि कोयनानगर. तिथं मुक्काम करून पाचव्या दिवशी पाटण, मल्हारपेठ, उंब्रजवरून हायवे धरून घरी. चारच दिवस असतील तर वासोटा किंवा कोयनानगर यातलं एक सोडा, दोन्ही कोंबायला जाऊ नका, कारण घाटात सामान लादलेली गाडी तुमच्या नेहमीच्या वेगानं चालत नाही आणि अंधार पडल्यावर या रस्त्यांवर गवे येतात. एकदा कासच्या अलीकडं वळण घेतलं आणि समोर रस्त्याच्या मधोमध गवा उभा, हेडलाईट तोंडावर पडला तरी हलेना, मी इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं तसाच थांबलो. तेव्हापासून पाच वाजता तंबू लागलेला असला पाहिजे हा माझा नियम.

उजनीचं थोडक्यात. घाट नाही, चढ नाही, सगळं सपाट. दक्षिणेकडून पुणे-सोलापूर हायवे, भिगवण, पळसदेव, इंदापूर, टेंभुर्णी, आणि उत्तरेकडून करमाळा तालुक्यातली केळी-उसाची गावं, कंदर, जेऊर, केत्तूर असं परत. फेरी पूर्ण होते पण भिगवणजवळ डिकसळचा इंग्रजांच्या काळातला जुना पूल लागतो, त्याची अवस्था आदल्या दिवशी तिथल्या कोणाला तरी विचारूनच त्या बाजूला वळा. रस्ता म्हणून इथं काही खास नाही हे मी स्पष्ट सांगतो, हायवेवर शंभरच्या स्पीडनं जाणाऱ्या गाड्या आणि आतल्या रस्त्यांवर खड्डे. आणि ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, रात्री जवळ जाईपर्यंत कळतच नाही. उजनीला अंधारात बाईक चालवायची नाही म्हणजे नाही.

मग उजनीला जायचं कशाला, तर पक्ष्यांसाठी. हिवाळ्यात भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या पट्ट्यात फ्लेमिंगो म्हणजे आपले रोहित उतरतात, पट्टकदंब येतात, आणि पहाटे साडेसहाला होडीत बसून पाण्यावरचं धुकं विरताना तो गुलाबी थवा उठलेला बघणं, यासाठी मी परत परत सपाट रस्ता सहन करायला तयार आहे. संध्याकाळी चिलापी नाहीतर मरळ मासा आणि भाकरी. पाणी बरंच उतरलं की पळसदेवचं बुडालेलं जुनं मंदिर उघडं पडतं, ते बघायचं असेल तर मात्र उन्हाळ्यात, आणि त्या उन्हात तंबूत झोप लागत नाही. होडीत बसताना लाईफ जॅकेट मागून घ्या आणि वारं सुटलं असेल तर नाही म्हणा, २१ मे २०२४ ला कुगाव-कळाशीच्या मध्ये वादळी वाऱ्यात होडी उलटून ६ माणसं गेली. उजनीत पोहू नका, पुणे-पिंपरीचं सांडपाणी नदीतून इथंच येतं.

आता तंबूचं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ याच्यातच होतो. लोकांना वाटतं धरणाचा काठ म्हणजे मोकळी जागा, कुठंही ठोका खुंट्या. तसं नसतं, पाण्यालगतची जमीन बहुतेक पाटबंधारे खात्याची किंवा वनखात्याची, वरच्या बाजूला गावकऱ्यांची. सरळ गावात जायचं, एखाद्या घरी विचारायचं, रात्रीचे किती आणि जेवणाचे किती ते आधी बोलून घ्यायचं. भंडारदऱ्याला हे सगळ्यात सोपं, बहुतेक महादेव कोळी समाजाची गावं आहेत आणि मुरशेतपासून रतनवाडीपर्यंत घरोघरी मुक्कामाची सोय होते, पिठलं-भाकरी किंवा गावरान कोंबडी, सकाळी गरम पाणी. पण इथलीच दुसरी बाजू पण सांगतो. एका शनिवारी मी ऑनलाईन बुक केलं होतं, पाण्याकाठी शांत जागा असं लिहिलेलं, जाऊन बघतो तर एका शेतात पन्नास-साठ तंबू दोरीला दोरी लावून आणि मध्ये स्पीकर, रात्री दोनपर्यंत. माझ्या शेजारच्या तंबूत सात-आठ वर्षांची पोरगी होती, ती रडून रडून झोपली. तेव्हापासून भंडारदऱ्याला मी शनिवारी जात नाही आणि बाहेरच्या कोणाकडून बुक करत नाही, गावातल्या माणसाच्या हातात पैसे देतो.

हे पैशाचं मला मनापासून वाटतं म्हणून लिहितोय. या धरणांसाठी गावंच्या गावं पाण्याखाली गेली. कोयनेची कितीतरी कुटुंबं ठाणे, रायगड, सोलापूरकडं नेऊन वसवली, मागं राहिलेली डोंगरात वर सरकली. बामणोलीचा होडीवाला पाण्याच्या मधोमध हात करून सांगतो की आमचं जुनं शिवार इथं खाली होतं. आपण ज्याला व्ह्यू म्हणतो ती त्यांची जमीन आहे, त्यामुळं भाव पाडत बसू नका आणि बाटल्या तिथं टाकू नका.

कोयनेला तापोळा आणि बामणोली दोन्हीकडं तंबूची सोय होते. वासोट्यावर मात्र मुक्काम चालत नाही. तिकडं जायला वनखात्याची परवानगी, ओळखपत्र, होडीनं जाऊन संध्याकाळपर्यंत परत, आणि सोबत नेलेलं प्लॅस्टिक मोजून घेतात, तेवढंच परत आणून दाखवायचं. पावसाळ्यात बंद. होडी अख्खी ठरवावी लागते, एकट्यानं गेलात तर खिशाला चाट बसते, चार-सहा जण असाल तर परवडतं.

कुठल्याही धरणाला एक गोष्ट सारखी, अगदी पाण्याला चिकटून तंबू लावू नका. पाणी वर-खाली होतं, काठचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि खाली दलदल असते, साईड स्टँड रुतून माझी गाडी एकदा आडवी झालीये. एखादा चपटा दगड नाहीतर फळीचा तुकडा स्टँडखाली घालायला जवळ ठेवा. आणि काठावर रात्री एवढं दव पडतं की सकाळी तंबू पिळून काढावा लागतो, वाळवायला तासभर धरूनच निघायची वेळ ठरवा, ओला गुंडाळलात तर वजन वाढतं आणि दुसऱ्या रात्री वास मारतो.

सीझन. भंडारदरा मेच्या शेवटापासून जूनपर्यंत काजव्यांसाठी, पण तेव्हा गर्दी एवढी असते की घाटघरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि हेडलाईटनं काजवेच दिसत नाहीत, शिवाय इथल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात रात्रीच्या येण्याजाण्यावर बंधनं घालतात. जुलै-ऑगस्टमध्ये घाटघर-रतनवाडीला नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात तो पाऊस, तंबूचा विषयच सोडा, आणि सांदणमध्ये तर पाऊल टाकू नका. कोयनेला सप्टेंबरमध्ये कासची फुलं बघत जाता येतं, रस्ते हिरवेगार, पण पाऊस अजून संपलेला नसतो आणि शनिवार-रविवारी कास म्हणजे जत्रा. तंबूसाठी म्हणाल तर भंडारदरा आणि कोयना नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उजनी जानेवारी-फेब्रुवारी. डिसेंबरात भंडारदऱ्याची थंडी हलक्यात घेऊ नका, साधी चादर घेऊन गेलेले मित्र रात्रभर शेकोटीशी बसलेले मी बघितलेत.

पेट्रोल भंडारदऱ्याला जाताना घोटी किंवा राजूरला टाकी फुल करा. कोयनेला महाबळेश्वर, सातारा, पाटण इथं भरा आणि खाली उतरल्यावर पंप मिळेल असं धरूच नका. उजनीला हायवेच आहे, प्रश्न नाही. मोबाईलची रेंज तापोळा, बामणोली, रतनवाडीला येते-जाते, त्यामुळं नकाशा आधी डाऊनलोड करून ठेवा आणि घरी सांगून ठेवा की फोन लागला नाही तर घाबरू नका. ट्यूब टायर असेल तर जादा ट्यूब, ट्यूबलेस असेल तर पंक्चर किट आणि छोटा पंप. सामान सॅडलबॅगमध्ये खाली आणि पुढच्या बाजूला, मागच्या कॅरिअरवर उंच थप्पी लावलीत तर केळघरच्या वळणांवर गाडी तुम्हाला ओढते. स्टोव्ह, भांडी सगळं घेऊन जायची हौस असते, पण या तिन्ही ठिकाणी जेवण गावात मिळतं, मी आता फक्त चहापुरता छोटा बर्नर नेतो.

तर पहिल्यांदाच जाताय, तंबूची सवय नाही किंवा मागं बायको-नवरा-मित्र बसणार आहे, तर भंडारदरा, आणि सोमवार ते गुरुवार. अंतरं छोटी आहेत, काही बिघडलं तर अर्ध्या तासात शेंडीला पोचता, एकाच ठिकाणी दोन रात्री राहिलात तरी बिघडत नाही. गाडी छोटी आहे, शंभर-सव्वाशे सीसीची, आणि घाटात दोघांना ओढत नाही, किंवा गळ्यात कॅमेरा असतो, तर उजनी, पण दोन रात्री पुरे, चार दिवस ओढू नका. आणि गाडी चालवणं हेच ज्याला हवंय, घाट, पठार, परत घाट, त्यानं भंडारदऱ्यात वेळ न घालवता सरळ कोयना करावी.

मला विचाराल तर मी कोयनाच म्हणेन, फेरी पूर्ण होत नाही तरीसुद्धा. तापोळ्याला गाड्या पलीकडं नेणारा तराफा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा त्याच्यावर एक जीप, दोन दुचाकी आणि चार शेळ्या होत्या. जाण्याआधी त्या काकांना फोन करून विचारायचं, तराफा चालू आहे का, पाणी किती आहे. यंदा जानेवारीत मी त्यांच्याच वावरात परत तंबू टाकणार आहे, मेढ्याहून त्यांच्यासाठी बॅटरीचे सेल न्यायचे राहिलेत मागच्या वेळचे.