पिसांची की सिंथेटिक? गोव्यातून ऑक्टोबरमध्ये हिमालयात जाणाऱ्यांसाठी

नेपाळमधल्या अन्नपूर्णा सर्किटच्या ट्रेकची तारीख ठरली, सुट्टी मंजूर झाली, आता स्लीपिंग बॅग पिसांची घ्यावी की सिंथेटिक, असं विचारणारे दोघे-तिघे दर ऑगस्टमध्ये भेटतात. मी दोन्ही वापरल्या आहेत. पिसांची सहा वर्षं वापरली, सिंथेटिक गेले तीन हंगाम. किंमत, तापमानाचे आकडे तुम्ही पाहिलेच असतील, म्हणून ते सोडून देतो.

डोंगरातल्या कोरड्या थंडीत पिसांना तोड नाही, हे आधीच सांगतो. पहिल्या वर्षी माझी बॅग नवी होती. थोराँग-ला खिंडीच्या पायथ्याशी, थोराँग फेदीला ४,४५० मीटरवर खोलीतल्या बाटलीतलं पाणी गोठलं होतं, आणि मी आत साध्या थर्मलवर झोपलो होतो. शिवाय पहाटे चारला खिंडीकडे निघताना ती दोन मिनिटांत मुठीने कोंबून सॅकच्या तळाला बसायची. सिंथेटिकला तिथे झटावं लागतं. माझी सिंथेटिक बॅग त्याच उबेसाठी साधारण सातशे ग्रॅम जड आहे आणि सॅकमधली निम्मी जागा खाते. पाचव्या-सहाव्या दिवशी ते सातशे ग्रॅम खांद्याला कळतात.

एवढं असूनही मी बदललो, आणि त्याला कारण डोंगर नाही, घर आहे.

माझं घर फोंड्याला, जुनं, कौलारू. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चामड्याच्या चपलांवर बुरा चढतो, मिठाला पाणी सुटतं, पुस्तकांची पानं मऊ पडतात. बॅग मी शिस्तीने सुती पिशवीत सैल ठेवत होतो, कपाटात सिलिकाच्या पुड्याही होत्या. तरी तिसऱ्या पावसाळ्यात काढली तेव्हा कुबट वास आला. उजेडाकडे धरून पाहिली तर प्रत्येक कप्प्यात पिसांचे सुपारीएवढे गोळे तळाला बसलेले आणि वरचा अर्धा कप्पा नुसता कापडाचा, आरपार दिसणारा. त्या रिकाम्या जागेतूनच थंडी आत येते.

मग धुणं आलं. पिसांसाठीचा वेगळा साबण मागवला. आई आणि मी मिळून मोठ्या टबात ती धुतली. ओली बॅग एका टोकाला धरून उचलली तर आतले पडदे फाटतात, म्हणून दोघांनी खालून हात घालून बाळासारखी बाहेर काढली. खरं तर मोठ्या ड्रायरमध्ये टेनिसचे चेंडू टाकून ती मंद आचेवर फिरवायची असते, पण तसा ड्रायर मला जवळपास मिळाला नाही. चवथ आठ दिवसांवर होती, श्रावणातल्या सरी चालू होत्या. सर आली की बॅग पडवीत, ऊन पडलं की अंगणात. आई गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान लावता लावता मधेच बसून बोटांनी गोळे फोडायची. सहा दिवस हे चाललं. बाहेरून कोरडी लागायची, पण गोळ्यांच्या पोटात ओल तशीच होती.

त्याच बॅगेसह त्या ऑक्टोबरमध्ये दुसऱ्यांदा सर्किटला गेलो. वाटेवरच्या चामे, पिसांग या गावांत लॉजमधली रजई वर घेऊनही पाय गार राहिले. मनांग ३,५४० मीटरवर, पर्जन्यछायेत आहे. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून तिथे एक दिवस थांबतात. त्या दिवशी बॅग दगडी गडग्यावर उन्हात पसरली. घरी सहा दिवसांत जे झालं नाही ते तिथे दोन तासांत बरंचसं झालं. बोटांखाली गोळे सुटत होते. तेव्हाच मला कळलं की ही वस्तू कोरड्या मुलखासाठी आहे. तिला पंधरा दिवस मनांगसारखी हवा मिळते आणि उरलेलं वर्ष माझं कपाट.

सिंथेटिक बॅग मी खोलीत खुंटीला उघडी टांगतो. वास आलाच तर साध्या साबणात धुतो, उन्हाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाळते. मागच्या वर्षी अन्नपूर्णा बेस कॅम्पला मोदी खोला नदीच्या दरीत दुपारी ढग खाली आले, पाऊस लागला, सॅकच्या कव्हरमधून पाणी झिरपलं आणि बॅगेचा पायाकडचा भाग भिजला. रात्री ओलसर लागला, पण ऊब गेली नाही. शरद म्हणजे निरभ्र आकाश हे बहुतेक वर्षी खरं असतं, पण बंगालच्या उपसागरातली वादळं याच महिन्यांत येतात. २०१४च्या ऑक्टोबरमध्ये हुदहुद विशाखापट्टणमला धडकलं आणि दोनच दिवसांत त्याच्या उरल्या ढगांनी थोराँग-ला भागात हिमवादळ आणलं. चाळीसहून अधिक जीव गेले. तशा दिवशी कोणतीही बॅग पुरेशी नसते, पण भिजल्यावर निकामी होणारी वस्तू तरी माझ्याकडे नसावी असं मला वाटतं.

सिंथेटिकचं आयुष्य कमी, हेही खरं. दाबून ठेवली की तिचे धागे मोडतात, चार-पाच वर्षांत ती चपटी होते. पिसांची नीट सांभाळली तर दहा वर्षांहून जास्त जाते. नीट सांभाळणं म्हणजे कोरडी खोली. तुम्ही पुण्या-नाशकाला राहत असाल, किंवा घरात वर्षभर एसी चालू असलेली खोली असेल, तर पिसांचीच घ्या, मी अडवणार नाही. आयुष्यात एकदाच जायचं असेल तर काठमांडूला थामेलमध्ये भाड्याने मिळते, विकत घेऊच नका. मात्र घर गोव्यात असेल आणि दर शरदात जायचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी जुलैत एकदा कपाट उघडून चामड्याच्या पट्ट्यावरून बोट फिरवून बघा. बोटाला बुरा लागला, तर मला वाटतं सिंथेटिकच बरी.