जमिनीखालचं पाणी कुठल्या गेमला जमलंय? माझं मत माइनक्राफ्टला

मी कुठलाही ओपन वर्ल्ड गेम घेतला की स्टोरी, बॉस वगैरे नंतर, आधी फावडं शोधतो आणि खड्डा खणून पाणी कुठे लागतंय ते बघतो. बायको म्हणते तू नारळ घे हातावर आणि पाणाड्याच हो. असो, हा रिव्ह्यू फक्त पाण्याचा आहे, बाकी गेम कसा आहे ते विचारू नका.

बहुतेक गेममध्ये पाणी म्हणजे एका ठराविक उंचीला अंथरलेली चादर असते आणि जमीन तिच्या खाली गेली की ओली. व्हॅलहाइममध्ये हे लगेच कळतं. समुद्रपातळीच्या खाली खणलंत की कुरणाच्या मधोमध पण खड्डा आपोआप भरतो, त्यामुळे घराभोवती खंदक करायला एक नंबर, खणत राहायचं बस. पण डोंगरावर विहीर पाडायला जाल तर खणायलाच साधारण 8 मीटरची मर्यादा, तेवढं खणून हाताला फक्त दगड लागतात.

माइनक्राफ्ट (सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं, म्हणजे ब्लॉकचं) पण आधी जवळपास तसाच होता, डोक्यावर अख्खा समुद्र आणि खालच्या बऱ्याचशा गुहा खडखडीत कोरड्या. 30 नोव्हेंबर 2021 ला 1.18 ही आवृत्ती आली, जगाचा तळ 0 उंचीवरून खाली -64 पर्यंत गेला आणि सोबत अ‍ॅक्विफर (भूजलाचे साठे) आले. म्हणजे काय तर गेम जमिनीखाली साधारण 16 बाय 16 ब्लॉकचे, 12 ब्लॉक उंचीचे खण पाडतो आणि जागेजागेला पाण्याची पातळी वेगळी ठरवतो, कुठे कोरडं, कुठे छताला टेकलेलं, कुठे पाण्याऐवजी लाव्हा, आणि दोन वेगळ्या पातळ्या शेजारी आल्या की मध्ये दगडाची भिंत घालतो. समुद्रपातळीशी त्याचा संबंधच नाही. मला हे एवढं का आवडलं तर आपल्याकडे बेसाल्टमध्ये असंच असतं, ह्याच्या विहिरीला पाणी आणि बांधापलीकडे त्याची कोरडी, कारण पाणी भेगांत आणि सच्छिद्र थरांत अडकलेलं असतं. गेम बनवणाऱ्यांच्या डोक्यात दख्खन नक्कीच नसणार, पण खेळताना फील तोच येतो, कुदळ मारली की आत काय निघेल सांगता येत नाही.

आणि निघतं तेव्हा लई मजा येते. भिंतीतला एक ब्लॉक काढला की पाणी सपाटीला 7 ब्लॉकपर्यंत पसरतं, वाटेतल्या टॉर्च उखडतं, आणि तुम्ही अंधारात. मी पहिल्यांदा तसाच आत पोहत गेलो आणि बुडून मेलो, चूक माझीच, श्वास 15 सेकंदच पुरतो हे माहीत असून गेलो. आता दरवाजे घेऊन जातो, पाण्याखाली दरवाजा ठेवला की तिथे हवा मिळते (का ते विचारू नका). एवढी उठाठेव कशाला म्हणाल तर खोल भागात हिरे उघड्या हवेला लागून कमी बनतात, पाणी मात्र हवेत मोजलं जात नाही, त्यामुळे भरलेल्या गुहांच्या भिंतीत ते जास्त दिसतात. फक्त -54 च्या खाली जपून, तिथून पुढे गुहांत लाव्हाच.

आता खोट. हे पाणी मुरत नाही, उपसलं तर पातळी उतरत नाही, पाऊस पडून वाढत पण नाही. दगड स्वतः कोरडाच. उलट दोन बादल्या 2 बाय 2 च्या खड्ड्यात कोपऱ्याला कोपरा ओतल्या की झाली न आटणारी विहीर! शेतकऱ्याला दाखवू नका, रडेल तो.

बाकीच्यांचं थोडक्यात. एल्डन रिंगमध्ये सिओफ्रा रिव्हर वेल नावाची विहीर आहे, लिफ्टने खाली खाली खाली जात राहता आणि मग जमिनीखाली नदी आणि छताला चांदण्या, बघून मी कंट्रोलर खाली ठेवला होता. पण ते हाताने मांडलेलं नेपथ्य, खणायचा प्रश्नच नाही. झेल्डाच्या टिअर्स ऑफ द किंगडममध्ये 58 विहिरी आहेत, त्या मोजणारी बाई पण आहे, आणि त्याहून भारी म्हणजे वर जिथे तळं किंवा नदी तिथे खालच्या डेप्थ्स नावाच्या भुयारी जगात थेट भिंत उभी. वरचा नकाशा वाचून खालचा ओळखायचा, हे डोकं मानलं, पाणी झिरपत नसलं तरी.

माइनक्राफ्टच्या पाण्याला 5 पैकी 4, मुरलं असतं तर 5 दिले असते. 1.18 च्या आधीचं जुनं वर्ल्ड असेल तर एक लक्षात ठेवा, आधी फिरून झालेल्या भागात 0 उंचीच्या वर काही बदलत नाही, नवीन पाणी फक्त त्याच्या खाली सापडतं, म्हणून कधी न गेलेल्या दिशेला लांब चालत जा आणि तिथे खणा.