वाचकपत्रांचं सदर : प्राण्यांच्या बातम्यांसाठी जरूर वापरा

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत आमच्या घरी येणाऱ्या दैनिकातलं वाचकपत्रांचं सदर ही फुकटात मिळणारी मोठी सोय आहे. मी ते मुख्यतः मुक्या जनावरांच्या बातम्यांसाठी वापरते.

रंकाळ्याजवळ नायलॉन मांजात घार अडकल्याची चार ओळींची बातमी आतल्या पानावर आली होती. तिला कुणी सोडवलं, एवढंच त्यात होतं. या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्येच देशभर बंदी घातलीय, याचा उल्लेखच नव्हता. मी तेवढंच लिहून मेल केला आणि शेवटी विचारलं, हा मांजा विकतं कोण, ते शोधाल का? पत्र छापून आलं, बंदीचं वाक्य जसंच्या तसं. शेवटचा प्रश्न मात्र कापला, आणि खरं तर तोच महत्त्वाचा होता. पोच कधीच येत नाही, हीही तक्रार आहेच.

तरी लिहाच. बातमी आली त्याच दिवशी, तारीख आणि मथळा देऊन, शंभरेक शब्दांत. रागाचं लांबलचक पत्र टोपलीत जातं. बातमी चांगली असेल तर बातमीदाराला शाबासकीही कळवा, ते कुणी करत नाही. पत्रात कायदाही सांगा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा आहे. जनावराला मारल्याचा पहिला दंड त्यात 10 ते 50 रुपये! हे किती जणांना माहीत आहे? नांदणीच्या मठातून गुजरातेत वनताराला नेलेल्या महादेवी हत्तिणीसाठी 2025 मध्ये अख्खा जिल्हा बोलला. गंगावेशीतल्या लंगड्या बैलाची बातमी आली, तर त्याच्यासाठीही दोन ओळी पाठवा.