लॅक्स्टनचं व्हिजिटर सेंटर: आकाराने छोटं, पण बघाच

नॉटिंगहॅमशायरमधलं लॅक्स्टन म्हणजे टुमदार दगडी घरं आणि सेल्फी पॉइंट वगैरे शोधणाऱ्यांसाठी नाहीये, आधीच सांगते. इथे बघायची आहे ती शेती. इंग्लंडात बाकी जवळपास सगळीकडे बांध-कुंपणं घालून शेतं वेगळी झाली, पण इथे मध्ययुगातली खुल्या शेतांची पद्धत अजून चालू आहे, वेस्ट फील्ड, मिल फील्ड, साउथ फील्ड अशी तीन मोठी शेतं, त्यात प्रत्येकाच्या लांबट पट्ट्या आणि मधे कुंपणच नाही! डव्हकोट इन या पबला लागूनच सेंटर आहे, १६३५ च्या नकाशाची माहिती जरा वेळ काढून वाचा, एकेक पट्टी कोणाची ते त्यात काढलंय.

मला सगळ्यात भारी वाटलं ते कोर्ट लीट, म्हणजे मध्ययुगापासून चालत आलेलं गावचं कोर्ट. गावातल्या शेतकऱ्यांचीच ज्युरी नोव्हेंबरच्या शेवटी शेतात फिरते, खुंट्या ठोकून हद्दी पक्क्या करते आणि कोणी नांगर जरा पुढे सरकवून सामाईक गवताळ जमीन खाल्ली असेल तर पुढे कोर्टात त्याला दंड बसतो, आणि हे कोर्ट भरतं कुठे तर याच पबमध्ये. आपल्याकडे बांध कोरण्यावरून भावाभावांच्या केसेस तालुक्याला वर्षानुवर्षं पडून असतात, इथे गावातच निकाल!

गावातल्या जमिनीची मालकी मात्र बदलत गेली, १९५२ मध्ये सरकारने गाव घेतलं, मग क्राउन इस्टेटने (ब्रिटिश राजगादीच्या मालमत्ता सांभाळणारी संस्था), आणि २०२० मध्ये त्यांनी ते थोर्सबी इस्टेट या खाजगी जमीनदारीला विकलं.

गाडी असेल तरच जा, बूट जाड घाला. ४.५/५.