ओपनसर्चवरचं ऑफिस सर्च: काही महिन्यांच्या वापरानंतर

शेअर्ड ड्राइव्ह, अंतर्गत विकी, सपोर्टची तिकिटं आणि मेलच्या अटॅचमेंट, सगळं एकाच चौकटीतून शोधता यावं म्हणून ओपनसर्च हे शोधाचं सॉफ्टवेअर बसवलं. इलॅस्टिकसर्चपासून २०२१मध्ये वेगळा निघालेला हा प्रकल्प; दोघांच्याही पोटात ल्युसीन ही शोधाची लायब्ररीच आहे. त्यामुळे खालचं बरंचसं इलॅस्टिकसर्च वापरणाऱ्यांनाही लागू पडेल. आधीच सांगून टाकतो: ‘काही सापडतच नाही’ या तक्रारींमध्ये इंजिनाचा दोष क्वचितच निघतो. एक तर मजकूर इंडेक्सपर्यंत (शोधासाठी बनवलेल्या शब्दसूचीपर्यंत) पोचलेलाच नसतो, नाहीतर टाईप केलेला शब्द त्या फाईलमध्ये नसतो.

मजकूर न पोचण्याचं सगळ्यात छुपं कारण अटॅचमेंट प्रोसेसरमध्ये आहे. पीडीएफ-वर्डमधून मजकूर काढताना तो डीफॉल्टने पहिली १,००,००० कॅरॅक्टर्सच घेतो. पानाला दोन हजार कॅरॅक्टर्स धरली तर पन्नासाव्या पानाच्या आसपास गाडी थांबते. देवनागरीत काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, म्हणजे आणखी आधी. एरर येत नाही, फाईल रिझल्टमध्ये दिसते, फक्त शेवटच्या प्रकरणातला शब्द मारला की गायब. ‘इंडेक्स्ड कॅर्स’ या सेटिंगची किंमत -१ केली की मर्यादा उठते, पण अवजड फाईल आली की मेमरी ओरडते. मोठी मॅन्युअल्स प्रकरणवार तोडून चढवणं जास्त बरं. शोधणाऱ्यालाही चारशे पानांच्या फाईलपेक्षा नेमकं प्रकरण हातात पडतं.

स्कॅनचा प्रश्न सगळ्यांना माहीत असतो, तरी तपासत कोणी नाही. पीडीएफ उघडा, एक ओळ माउसने सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. काहीच सिलेक्ट झालं नाही तर ते निव्वळ चित्र आहे. त्याला ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) लागेल, आणि त्यासाठी स्कॅन ३०० डीपीआयचं हवं. टेसरॅक्ट हे ओसीआरचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा एकत्र द्या, नाहीतर मधले इंग्रजी शब्द देवनागरीत भलतेच उमटतात. पेस्ट केल्यावर रोमन अक्षरांचा गिचमिडाट आला तर मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमधला आहे. डोळ्यांना सुंदर मराठी, मशीनला कचरा. अशा फाईलमधला जुना मजकूर बाजूला ठेवून तिचाही ओसीआरच करावा लागतो किंवा कन्व्हर्टरमधून काढावी लागते.

युनिकोड असला म्हणजे सुटलो असंही नाही. ‘कर्मचाऱ्यांची यादी’ शोधा. यातला ‘ऱ्या’ दोन पद्धतींनी टाईप होतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर वापरून. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, इंडेक्समध्ये दोन वेगळे शब्द. ‘ॲडव्हान्स’च्या पहिल्या अक्षराची तर तीन रूपं फिरत असतात. उपाय सोपा आहे: मॅपिंग कॅरॅक्टर फिल्टर लावून ही सगळी रूपं एकाच रूपावर आणायची, इंडेक्स करताना आणि शोधतानाही. सोबत ‘डेसिमल डिजिट’ फिल्टर लावला की २०२४ देवनागरीत लिहिलं काय, इंग्रजी आकड्यांत लिहिलं काय, फरक पडत नाही. विभक्तीचं मात्र दुखणं राहतंच. तयार भाषा-ॲनालायझरच्या यादीत हिंदी आहे, मराठी नाही, आणि हिंदीचा स्टेमर (शब्दांचे प्रत्यय छाटणारा भाग) मराठीला लावण्यात शहाणपण नाही. ‘करार’ टाकल्यावर ‘करारनाम्यातील’ हवं असेल तर एज एन-ग्रॅमचं (शब्दाच्या सुरुवातीचे तुकडे साठवणारं) वेगळं सबफील्ड, म्हणजे त्याच मजकुराची वेगळ्या पद्धतीने साठवलेली प्रत, ठेवा, पण त्याला वजन कमी द्या.

आता रँकिंग. कोणता रिझल्ट वर लावायचा हे ठरवणारं डीफॉल्ट सूत्र बीएम२५, त्यात के१ (शब्द पुन्हा पुन्हा आल्याला किती महत्त्व) = १.२ आणि बी (कागदाच्या लांबीला किती महत्त्व) = ०.७५. हा ‘बी’ लांब कागदांना मागे ढकलतो, म्हणून ऐंशी पानी नियमावलीच्या डोक्यावर दोन ओळींचा मेल येऊन बसतो. आकड्यांशी खेळण्यापेक्षा शीर्षकाच्या फील्डला तिप्पट वजन देणं फायद्याचं ठरलं. पण त्याआधी शीर्षकं बघा! वर्डच्या प्रॉपर्टीमधलं शीर्षक बहुधा टेम्प्लेटमधूनच चिकटून आलेलं असतं. शेकडो फाईलींना एकच नाव. ते शीर्षक टाकून फाईलचं नाव किंवा पहिलं हेडिंग घेतलं, तेव्हा कुठे त्या तिप्पट वजनाला अर्थ आला.

जुन्या-नव्याचा हिशोब गॉस डिकेने, म्हणजे कागदाच्या वयाप्रमाणे गुण घटवणाऱ्या सूत्राने होतो. स्केल १८० दिवस ठेवलं की तितक्या जुन्या कागदाचा गुणक निम्म्यावर येतो. तिकिटांना आणि मेलना हे शोभतं. धोरणांना लावू नका, कारण तीन वर्षांपूर्वीचा रजेचा नियम आजही लागू असू शकतो.

आणखी एक डीफॉल्ट लोकांना गोंधळात टाकतो: मॅच क्वेरीत, म्हणजे साध्या शब्दशोधात, शब्द ‘किंवा’ने जोडले जातात. जास्त शब्द टाकले की रिझल्ट कमी व्हायच्या ऐवजी वाढतात आणि माणूस वैतागून पुन्हा एका शब्दावर येतो. ‘मिनिमम शुड मॅच’ या सेटिंगला २<७५% दिलं तर दोन शब्दांपर्यंत सगळे शब्द लागतात, चार शब्द असतील तर किमान तीन. एवढ्या एका ओळीने पहिलं पान ओळखू न येण्याइतकं सुधारतं.

समानार्थी शब्दांची यादी शोधण्याच्या वेळी लावावी, म्हणजे बदल केला की सगळं पुन्हा इंडेक्स करावं लागत नाही. रजा, सुट्टी, लीव्ह हे तिन्ही निःसंकोच जोडा. लघुरूपांना हात लावताना विचार करा. ‘पीओ’ म्हणजे खरेदी विभागात पर्चेस ऑर्डर आणि सॉफ्टवेअर टीममध्ये प्रॉडक्ट ओनर. दोन्ही एकाच ओळीत जोडलेत तर दोघांचंही सर्च बिघडतं. पार्ट कोडचीही तीच गत. स्टँडर्ड टोकनायझर (मजकूर शब्दांत तोडणारा भाग) ‘एक्सआर-४२०’चे हायफनवर दोन तुकडे करतो आणि मग जिथे जिथे ४२० आहे ते सगळं समोर येतं. कोडसाठी तो अख्खा ठेवणारं कीवर्ड सबफील्ड हवंच.

परवानग्यांच्या बाबतीत कनेक्टर (ड्राइव्ह, विकी वगैरेंतला मजकूर इंडेक्सपर्यंत आणणारं सॉफ्टवेअर) विकत घेताना एकच प्रश्न विचारा: हक्क बदलले की इंडेक्सला किती वेळात कळतं? हक्क इंडेक्समध्येच साठवले तर सर्च झटपट चालतं, पण विभाग बदललेल्या माणसाला पुढच्या सिंकपर्यंत जुन्या फाईली दिसत राहतात. दर वेळी मूळ सिस्टीमला विचारायचं ठरवलं तर सर्च रेंगाळतं. आणि फक्त रिझल्ट झाकून भागत नाही. फिल्टरशेजारचे आकडे आणि टाईप करताना येणाऱ्या सूचनाही हक्कांप्रमाणे गाळल्या पाहिजेत, नाहीतर गोपनीय प्रकल्पाचं नाव सूचनेतच फुटतं.

वापरणाऱ्यांना शिकवायचं तर ऑपरेटरांच्या लांबलचक तक्त्याने सुरुवात करू नये. तो कोणी वाचत नाही. पहिली सवय लावायची ती अशी: आपला प्रश्न टाईप न करता, ज्याने तो कागद लिहिला त्याने कोणते शब्द वापरले असतील ते टाईप करायचे. ‘लॅपटॉप चालत नाही’ हे आपलं बोलणं. फॉर्मवर ‘हार्डवेअर बदल विनंती’ छापलेलं असतं. एक बऱ्यापैकी कागद सापडला की त्यातलाच एखादा विरळ शब्द उचलून पुन्हा शोधायचं. शब्द जितका विरळ तितकं त्याचं वजन जास्त, हे तत्त्व संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२मध्ये मांडलं आणि बीएम२५ आजही त्यावरच चालतं. म्हणून ‘रिपोर्ट’, ‘फायनल’, ‘अपडेट’ हे शब्द टाकून हाती काही लागत नाही.

अवतरणचिन्हांचं एक लचांड आहे. वर्डमधून किंवा मोबाईलवरून आलेली वळणदार चिन्हं क्वेरी पार्सर (टाईप केलेल्या शोधाचा अर्थ लावणारा भाग) ओळखत नाही, त्यामुळे नेमका वाक्यांश शोधला जातच नाही आणि ते कळतही नाही. चौकटीतच ती सरळ चिन्हांत बदलून घ्या. लोकांना शिकवत बसण्यापेक्षा कोडची एक ओळ स्वस्त.

आठवड्यातून एकदा शून्य रिझल्टच्या क्वेरींचा लॉग वाचणं हे सगळ्यात फळ देणारं काम आहे, आणि सगळ्यात आधी तेच सुटतं. शिवाय नेहमीच्या पन्नास क्वेरी काढून प्रत्येकीचं योग्य उत्तर ठरवून ठेवा. सेटिंग बदललं की ते उत्तर पहिल्या पाचांत येतंय का, एवढंच बघायचं. एकाच तक्रारीवरून वजनं हलवली की दुसरीकडे दहा ठिकाणी बिघडतं.

व्हेक्टर सर्च, म्हणजे शब्दांऐवजी अर्थाच्या जवळिकीवर शोधणं, नंतर जोडलं. वेगळ्या शब्दांत विचारलेल्या प्रश्नांना ते छान पकडतं, इनव्हॉइस नंबरवर मात्र साफ आपटतं. म्हणून शब्दशोधाची आणि व्हेक्टरची अशा दोन्ही याद्या रेसिप्रोकल रँक फ्युजनने (प्रत्येक यादीतल्या क्रमांकावरून एकच यादी करणाऱ्या पद्धतीने) एकत्र केलेल्या बऱ्या, त्यातला के हा स्थिरांक ६० ठेवून. त्यावर बसवलेला उत्तरं देणारा एआय जुनी आवृत्ती सापडली तर तीच ठासून सांगतो. त्याच्या उत्तराखालची लिंक उघडून तारीख बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अजून न सुटलेली कटकट म्हणजे प्रती. एकच फाईल ड्राइव्हवर, विकीवर आणि डझनभर मेलमध्ये. मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेली खूणसंख्या) काढून कोलॅप्स केलं तर अगदी सारख्या प्रती एकाखाली जातात, पण कोणी एक स्वल्पविराम बदलून ‘फायनल २’ नावाने ठेवली की हॅश बदलतो आणि ती पुन्हा वर येते.